पहिला डीएसएलआर : कोणता घ्यावा, आणि घेतल्यावर काय टिपावे

गणपती जवळ आले की आपल्या मंडळात एक चौकशी हमखास सुरू होते. मुलाला किंवा सुनेला फोटोग्राफीची आवड आहे, किंवा नुकतेच निवृत्त झालेल्या काकांना आता हात मोकळा मिळाला आहे, तर साधारण बजेटमध्ये कोणता कॅमेरा घ्यावा? दुकानात विचारले तर दुकानदार जो माल पडून आहे तो सुचवतो, आणि यूट्यूबवर पाहिले तर दहा जण दहा गोष्टी सांगतात. म्हणून मंडळातल्या आम्ही चार-पाच हौशी मंडळींनी, ज्यांचे कॅमेरे बरीच वर्षे वापरून झिजले आहेत, एकत्र बसून हे लिहिले आहे. आमच्यापैकी कोणीही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. त्यामुळे लग्नाची ऑर्डर घेणाऱ्यांसाठी यात फारसे काही सापडणार नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. फोटो काढून फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील, तर डीएसएलआर घेऊ नका. भर उजेडात आजचा बरा मोबाइल उत्तम फोटो देतो, आणि व्हॉट्सअॅप तो दाबून इतका लहान करते की दोन्हींतला फरक दिसतच नाही. (मूळ दर्जाचा फोटो पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, एवढे मात्र सर्वांनी लक्षात ठेवा.) डीएसएलआर उपयोगी पडतो तो मोबाइल थकतो तिथे: निरांजनाच्या उजेडातली आरती, रंगमंचावरचा कार्यक्रम, झाडावरचा पक्षी, भिंतीवर मोठा करून लावायचा फोटो. नवशिक्यांच्या डीएसएलआरमधला सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच असतो. मोबाइलचा सेन्सर त्याच्या काही अंशच भरतो. जास्त क्षेत्रफळावर जास्त उजेड पडतो, म्हणून अंधारात चित्र स्वच्छ येते. मेगापिक्सेलच्या आकड्याचा याच्याशी संबंध फार कमी.

नवा, जुना की मिररलेस?

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपले सगळे लक्ष आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. निकॉनचा डी३५०० हा २०१८ साली आलेला कॅमेरा नवशिक्यांसाठी फार चांगला होता. त्याचे उत्पादन बंद झाले. मग डीएसएलआर घ्यावाच का, हा प्रश्न रास्त आहे. आमचे मत असे की पैसा हाताशी असेल आणि दहा वर्षांचा विचार असेल तर मिररलेस पाहा. पण शिकायचे असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर वापरलेला डीएसएलआर आज जितका फायद्याचा आहे तितका पूर्वी कधीच नव्हता. लोक मिररलेसकडे जाताना जुने संच बरेच उतरत्या भावात विकतात. बहुतेक लेन्स पुढे अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालतात, त्यामुळे लेन्सवरचा पैसाही वाया जात नाही.

आपल्याकडे दिसणाऱ्या मॉडेलांपैकी तीन-चारांविषयी बोलू. कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५००, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, आणि चित्राच्या दर्जात त्यांच्यात फरक शोधावा लागतो. बॅटरीत मात्र फरक मोठा आहे. कंपन्यांच्या प्रमाणित मोजणीनुसार डी३५०० एका चार्जमध्ये सुमारे १५५० फोटो काढतो, १५००डी सुमारे ५००. सहलीत चार्जर विसरणाऱ्यांनी काय घ्यायचे ते ठरवावे. कॅननचा २००डी मार्क २ या दोघांपेक्षा महाग, पण त्याचा पडदा बाहेर वळतो आणि त्याला बाहेरचा माईक जोडता येतो. गाण्याच्या बैठकीचे व्हिडिओ करायचे असतील तर तो विचारात घ्यावा.

कॅननचा ३०००डी सर्वांत स्वस्त म्हणून लोक तो उचलतात. आम्ही तो सुचवत नाही. त्याचा लेन्स बसवण्याचा कडा प्लास्टिकचा आहे, हे एक. दुसरे, आणि आपल्या ज्येष्ठांसाठी जास्त महत्त्वाचे, त्याच्या व्ह्यूफाइंडरला चष्म्याच्या नंबरप्रमाणे जुळवून घेण्याची सोय नाही. इतर कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटे चाक असते. ते फिरवले की चष्मा काढूनही आतले स्पष्ट दिसते. हे चाक असते हेच अनेकांना माहीत नसते, आणि ‘कॅमेऱ्यातून धूसर दिसते’ म्हणून चांगला कॅमेरा कपाटात पडून राहतो. घरात कॅमेरा असेल तर आजच ते चाक फिरवून पाहा.

आणखी दोन अडचणी पैसे मोजण्यापूर्वी माहीत असलेल्या बऱ्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. घरात काकांची रोलच्या जमान्यातली निकॉन लेन्स असेल, तर ती या कॅमेऱ्यांवर बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते पाहा. एएफ-पी तर डी३२००सारख्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालतही नाहीत. दुसरी अडचण कॅननची. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या डोक्यावर फ्लॅश बसवण्याची जी खाच असते, तिच्यातला मधला धातूचा ठिपका कंपनीने काढून टाकला आहे. त्यामुळे बाजारात मिळणारे साधे, स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. कॅननशी जुळणारेच घ्यावे लागतात.

वापरलेला कॅमेरा पाहायला जाताना सोबत एक छोटी टॉर्च न्या. लेन्स हातात घेऊन मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स घेऊ नका. मग कॅमेऱ्यावर एफ/१६ लावून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील; ती साफ होते, पण भाव करायला उपयोगी पडते. शटर किती वेळा चालले आहे ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो, कॅननच्या स्वस्त मॉडेलांत तो सहज मिळत नाही. या वर्गातली शटर साधारण लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेली असतात, म्हणून पंधरा-वीस हजार चाललेला कॅमेरा तरुणच समजावा.

दुसरी लेन्स

कॅमेऱ्याबरोबर १८-५५ची लेन्स मिळते. तिला नावे ठेवण्याची फॅशन आहे, पण दिवसा ती पुरेशी चांगली असते. पुढचे पैसे जमले की लोक लांबच्या झूमकडे वळतात. सिरपूर तलावावर पक्षी पाहायला जाणार असाल तर ठीक. पण घरातली, कार्यक्रमांतली माणसे टिपायची असतील तर आधी ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. स्वस्त आहे, हलकी आहे, आणि तिच्यामुळे कॅमेरा एकदम वेगळाच वाटू लागतो. कारण साधे आहे. १८-५५ची लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास जास्तीत जास्त एफ/५.६ एवढीच उघडते. एफ/१.८ला त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. ज्या आरतीत पूर्वी शटर १/१० सेकंदावर यायचे आणि सगळे हललेले दिसायचे, तिथे आता १/१०० सेकंद मिळते.

या कॅमेऱ्यांचा सेन्सर रोलच्या फिल्मपेक्षा लहान असल्यामुळे ५०ची लेन्स निकॉनवर ७५सारखी आणि कॅननवर ८०सारखी दिसते. म्हणजे चेहऱ्यासाठी छान, पण छोट्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ पाहावी.

एक सावधगिरी: एफ/१.८वर जवळून फोटो काढला तर एक डोळा स्पष्ट आणि कान धूसर अशी स्थिती होते. आजी एकट्या असतील तर ते शोभते. आजी-आजोबा शेजारी बसले असतील तर एफ/४वर या, नाहीतर आजोबा नाराज होतात. मंडळाच्या तीन रांगांच्या ग्रुप फोटोला एफ/८, फोकस पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेवर, आणि सगळ्यांना झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत उभे करा. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात, त्याला कोणतीही लेन्स इलाज करत नाही.

ऑटोवरून उतरा, पण एकदम मॅन्युअलवर नको

मॅन्युअल शिकल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. आम्हाला ते पटत नाही. पहिले सहा महिने अॅपर्चर प्रायॉरिटीवर राहा; निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’. लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवेल. आयएसओ ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० लावा. आणि अधिक-उणे चिन्ह असलेले बटण शोधून ठेवा. आमच्या मते कॅमेऱ्यावरचे सर्वांत उपयोगी बटण तेच.

ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे असावे, असे गृहीत धरून तो उजेड मोजतो. आता समोर काळ्या पाषाणाची विठ्ठलमूर्ती असेल आणि तिने चौकट भरली असेल, तर कॅमेऱ्याला वाटते अंधार आहे. तो फोटो जास्त उजळतो, आणि सावळा विठोबा राखाडी होतो. तिथे उणे १ करा. उलट गणपतीमागे पांढऱ्या कापडाची आरास असेल, तर कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो आणि बाप्पाचा चेहरा हरवतो. तिथे अधिक १. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात पडदा काळा आणि गायिकेवर स्पॉटचा झोत असतो. तिथे पुन्हा उणे, नाहीतर चेहरा पांढराफटक येतो. हे एवढे जमले की निम्मे फोटो आपोआप सुधारतात.

मांडवातल्या एलईडी माळांचा एक त्रास अलीकडे सर्वांना होतो: फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसते. शटर १/१०० किंवा १/५०वर ठेवले की बहुतेक वेळा पट्टे जातात. त्यासाठी ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ मोड वापरा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात तेव्हा हीच युक्ती कामी येते. झांकी हळू सरकत असते, म्हणून १/१००वर ती बहुधा स्थिर दिसते. झांकीतली फिरणारी चित्रे थोडी हलली तर ती हलूच द्यावीत, शोभतात.

आरतीच्या वेळी फ्लॅश लावू नका. निरांजनाचा उजेड हाच तर त्या फोटोतला जीव असतो, आणि फ्लॅश तो पुसून टाकतो. शिवाय मागच्यांच्या डोळ्यांवर लखलखाट होतो तो वेगळाच.

रंगपंचमीच्या गेरमध्ये कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरण्याचा मोह सर्वांना होतो. टँकरमधून उडणारे रंगाचे पाणी आणि फवाऱ्यांतून आकाशात जाणारा गुलाल डीएसएलआरच्या प्रत्येक फटीत शिरतो, आणि नवशिक्यांच्या या कॅमेऱ्यांना पाण्या-धुळीपासून संरक्षण नसते. राजवाड्याच्या परिसरात कुणा ओळखीच्यांकडे वरच्या मजल्याची खिडकी किंवा गच्ची मिळवा. तिथून गर्दी, रंगाचे ढग आणि मागे राजवाड्याचे मजले एकत्र मिळतात. लेन्स तिथे बदलू नका, जी लावून निघालात तीच ठेवा.

सरावासाठी महेश्वरसारखी जागा नाही. इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत, सकाळी लवकर निघालात तर कोवळे ऊन घाटावर मिळते. घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहेत, म्हणून सकाळ-संध्याकाळ ऊन नदीच्या अंगाने, तिरपे येते आणि दगडातले कोरीव काम उठून दिसते. दुपारी तिथे जेवावे आणि साड्या पाहाव्यात.

पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या बॅगेत बंद करून महिनोन्महिने ठेवू नका. बुरशी तिथेच धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी क्वचितच लागते.

जुन्या अल्बमचे काम

हा लेख लिहायला आम्ही बसलो त्यामागचे खरे कारण हे आहे. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे माळव्यात आहेत. त्यांच्या घरांत शंभर वर्षांपूर्वीचे फोटो आहेत, आणि ते आता उडत चालले आहेत. इंदूर हे फोटोग्राफीच्या दृष्टीने साधे गाव नाही. सरधना येथे १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीत शिकून इंदूरला नोकरीसाठी आले, आणि कॅमेरा त्यांनी इथेच हाती धरला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजघराण्याचे फोटो संग्रहालयांत सुरक्षित आहेत. रामबागेतल्या किंवा मल्हारगंजातल्या एखाद्या मास्तरांच्या घरातला १९३०-४०च्या सुमाराचा मुंजीचा फोटो मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही. जुना वाडा पाडून अपार्टमेंट होते, सामान आवरले जाते, आणि असे फोटो अनेकदा रद्दीत जातात.

तुमचा नवा डीएसएलआर हे फोटो उत्तम रीतीने उतरवून घेऊ शकतो. स्कॅनरची गरज नाही, आणि जाड पुठ्ठ्यावर डकवलेल्या फोटोंसाठी तर कॅमेराच बरा. अल्बममध्ये चिकटवलेला फोटो सोडवायला जाऊ नका, फाटतो. पान आहे तसेच टेबलावर ठेवा. खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, थेट ऊन नको, आणि खोलीतले दिवे बंद करा, म्हणजे दोन रंगांचा उजेड मिसळत नाही. खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की दोन्हीकडे उजेड सारखा होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्सचे तोंड कागदाशी अगदी समांतर. येथे १८-५५चीच लेन्स वापरा, ५०च्या आसपास झूम करून. ती ५०च्या एफ/१.८पेक्षा जवळून फोकस करते. एफ/८, आयएसओ १००, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलत नाही. हे फोटो रॉमध्ये काढा, रंग नंतर सुधारता येतात.

काचेच्या फ्रेममधला फोटो असेल आणि फोटो काचेला चिकटला असेल, तर काच काढू नका. कॅमेऱ्यासमोर काळे कापड धरा, मध्ये लेन्सपुरते भोक पाडून. काचेत कॅमेऱ्याचे आणि तुमचे प्रतिबिंब दिसेनासे होते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते, म्हणजे सहा इंची मूळ फोटो चौकट भरून घेतला तर इंचाला हजारएक पिक्सेल मिळतात. मूळ फोटोत जेवढा तपशील आहे, तेवढा सगळा यात येतो. फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी हातची शाईतली ओळ बहुधा मागेच असते.

मग संगणकावर तो फोटो मोठा करून घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा, आणि डावीकडून उजवीकडे नावे विचारा. त्यांना बोलू द्या आणि मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. ‘ही आत्याबाई, हिचे सासर देवासला’ अशी एक ओळ पुढची तीन नावे घेऊन येते. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. फोटो कपाटात आणखी दहा वर्षे टिकेल, पण नावे सांगणारी आजी नव्वदीच्या घरात आहे.

फाइलला ‘आयएमजी ४५३२’ हे नाव तसेच ठेवू नका. साल, कार्यक्रम, गाव आणि माणसे मराठीत लिहा. संगणकाला देवनागरी चालते. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरी, म्हणजे पुण्यातल्या मुलीकडे किंवा गावातल्याच भावाकडे. कॅमेऱ्यातले कार्ड म्हणजे प्रत नव्हे. दोन्ही ठिकाणी फोटो उघडून पाहिल्यावरच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.

ट्रायपॉड नसलेल्यांना मंडळाचा ट्रायपॉड दोन दिवसांसाठी मिळू शकतो. मंडळाच्या कार्यालयात सांगून ठेवा, आणि आणताना त्याचा वरचा स्क्रू सोबत आहे ना ते पाहा.